खांदा दुखतो म्हणजे फ्रोझन शोल्डरच असं नाही

आंब्याचा सीझन संपत आला की आमच्याकडे, फिजिओथेरपीला, खांद्याचे पेशंट वाढतात. दिवसभर झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे काढायचे, वर पेट्या उचलायच्या, खांदा बोलणारच. पण बहुतेक जण आल्या आल्या सांगतात, फ्रोझन शोल्डर झालाय, म्हणजे खांद्याचा सांधा आखडलाय, मशीन लावा. शेजारच्या काकूंना तोच होता म्हणून त्यांचेच व्यायाम महिनाभर करून झालेले असतात, भिंतीवर बोटं चढवायची, कितीही दुखलं तरी हात वर ताणायचा. इथेच वेळ जातो. खांदा आखडलेलाच नसेल, नुसती टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सुजली असेल तर ताणून ताणून ती अजून चिडते.

गेल्या मे महिन्यात एक बागायतदार आले, हात खांद्याच्या वर जातच नाही म्हणाले. टेबलावर झोपवून मी हळूहळू उचलला तर थेट कानापर्यंत गेला, ते बघतच राहिले. म्हणजे खांदा आखडलेला नव्हताच.

हे घरीही बघता येतं. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात ठेवा, हात सैल सोडा आणि घरातल्या कुणालातरी मनगट धरून तो हळूच बाहेरच्या बाजूला फिरवू दे, मग दुसरा हातही तसाच बघा. दुसऱ्याने फिरवूनही अडकत असेल तर फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त, त्यातून वय 40 ते 60 आणि शुगर असेल तर आणखीच. दुसऱ्याने फिरवला की जातो, पण स्वतः बाजूने वर नेताना मध्येच कळ येते आणि त्या कुशीवर झोपवत नाही, तर बहुतेक टेंडन. मान वळवली की कळ कोपराखाली उतरते, बोटांना मुंग्या येतात, तर आधी मान बघायला हवी.

झाडावरून पडून हात उचलत नसेल, किंवा खांद्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर आमच्याकडे नको, सरळ हॉस्पिटल गाठा.

पहिल्या दिवशी शेक दिला नाही म्हणून काही जण नाराज होतात. पण मान, दोन्ही खांदे, पाठ नीट तपासायला आम्हाला पाऊण तास लागतो आणि तो आम्ही घेणारच, कारण फ्रोझन शोल्डर पूर्ण सुटायला एक ते तीन वर्षंही लागू शकतात, तिथे चुकीच्या व्यायामात महिने घालवणं परवडत नाही. रोज यायची गरज नसते, घरचे व्यायाम कागदावर लिहून देतो.

येताना जुने एक्सरे आणि शुगरचा रिपोर्ट आणा, शर्ट सैल घाला. सीझनआधी डिसेंबरात आलात तर जास्त बरं, तेव्हा अपॉइंटमेंट लगेच मिळते.