नेमलेला बडी आणि आपल्यातलं माणूस

माझा भाचा बडोद्यात कॉलेजात आहे, ऑटिस्टिक आहे. कॉलेजने त्याला एक 'बडी' नेमून दिला तेव्हा ताई निर्धास्त झाली. "चला, पीअर सपोर्ट मिळाला!" मिळाला होता तो मदतनीस. पीअर सपोर्ट वेगळा.

बडी बहुधा ऑटिस्टिक नसतो. वर्गखोली बदलली की कळवणं, नोट्स देणं, ऑफिसात सोबत जाणं ही त्याची कामं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे कागदपत्रंही बरीच निघतात. पण इथे मदत एकाच दिशेने जाते. पीअर सपोर्टमध्ये दोघंही ऑटिस्टिक. आज हा सांगतो, उद्या तो.

नवरात्रात फरक दिसला. बडी म्हणाला, "चल ना, एकदा आलास की मजा येईल." अगदी मनापासून. त्याच्या ऑटिस्टिक विद्यार्थ्यांच्या गटातल्या सीनियर मुलीने मात्र विचारलं, "तुला ढोलाचा त्रास होतो की गर्दीचा?" ढोलाचा. मग स्पीकरपासून लांब कुठे उभं राहायचं, हेडफोन कधी चढवायचे, हे तिने स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं. बडीला तो प्रश्न सुचलाच नसता.

एकदा कमाटीबागेत मी भाचा आणि ती मुलगी या दोघांजवळ बसलो होतो. भाचा डभोईच्या नॅरो गेज रेल्वेबद्दल सांगत होता, १८६२ साली तिथे डबे बैल ओढायचे वगैरे. ती गवताची काडी बोटाला गुंडाळत दुसरीकडेच बघत होती. हं नाही की हो नाही. त्याचं संपल्यावर ती मोडीच्या वळणांवर सुरू झाली. मला वाटलं, काही जमत नाहीये. परतताना हा म्हणतो, "मामा, आज मस्त गप्पा झाल्या." (ऑटिस्टिकसाठी 'स्वमग्न' हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा त्या बाकावर बसवायला हवं.)

संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची. फक्त ऑटिस्टिकांच्या साखळीत ती ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली; मिश्र साखळीत तपशील जास्त गळाले. म्हणजे खोट एकाच बाजूला नव्हती.

म्हणून बडीला निरोप द्यायचा असं नाही. गेल्या सत्रात गटातल्या तिघांचं सबमिशन एकाच दिवशी आलं. तिघंही फोन बंद करून पडून राहिले, कोण कोणाला सावरणार? मुदतवाढीचा अर्ज घेऊन ऑफिसात बडीच गेला.