काड्या आणि फितुरी (एज ऑफ एम्पायर्स २)

'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९, सुधारित आवृत्ती २०१९) या मध्ययुगीन राज्यांच्या संगणकखेळात एका डावात ८ जण उतरू शकतात. समोरच्याला डिवचणे, खोटी बातमी पेरणे, तह करणे आणि वेळ साधून तो मोडणे, हा त्या डावाचाच भाग. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी बोलीत सांगायचे तर नुसत्या काड्या करणे.

डिवचायला खेळातच तयार आवाज आहेत. संदेशाच्या चौकटीत नुसता आकडा टाकून एंटर दाबायचे. ३ म्हणजे अन्न द्या, ४ लाकूड, ५ सोने, ६ दगड; १४ म्हणजे खेळ सुरू करा आता; ११ म्हणजे खदाखदा हसू. हे ११ जपून वापरावे. शत्रूच्या दारचे रानडुक्कर गावकऱ्याकरवी ओढून आणले की ते नेमके बसते: एका डुकरात ३४० अन्न असते, नेहमीच्या डावात सुरुवातीला हाताशी असते २००, आणि फ्यूडल युगात (खेळातल्या दुसऱ्या टप्प्यात) जायला लागते ५००. त्यावर 'काय गा, डुक्कर कुठं गेलं तुझं?' हे आणखी झोंबते. मात्र गावकऱ्याचा जीव २५ गुणांचा. डुकराने वाटेतच त्याला लोळवले, तर ११ ऐकायची पाळी आपली.

मदत फुकट जात नाही. ती 'खंडणी' म्हणून पाठवायला आधी बाजार लागतो (१७५ लाकूड), वर ३० टक्के कर. मित्राला ५०० अन्न द्यायचे तर आपले ६५० जाते. 'कॉइनेज' संशोधनाने कर २० टक्क्यांवर येतो, 'बँकिंग'ने संपतो. म्हणून सारखा ३ दाबणारा मित्र शत्रूपेक्षा महाग पडतो.

फितुरी चालते ती संघ कुलूपबंद (म्हणजे डावात नाती बदलता येणार नाहीत असे) नसतील तरच. मित्र, तटस्थ, शत्रू हे नाते प्रत्येकजण आपल्यापुरते ठरवतो; आपण मित्र मानले म्हणून समोरचाही मानेल असे नाही. मित्राच्या फौजेला आपली वेस आपोआप उघडते. फौज आत घ्यायला लावून मग नाते 'शत्रू' करणे हा जुना डाव. तट शाबूत राहतो आणि गाव लुटले जाते. कुलूप ठेवायचे की नाही हे आधीच ठरवावे, नाहीतर उरलेली रात्र 'रडीचा डाव खडी' यावरच जाते.

बातमी काढण्याचा सरकारी मार्ग म्हणजे किल्ल्यातले 'स्पाइज' (हेर) संशोधन. इम्पीरियल या शेवटच्या युगात मिळते, आणि किंमत शत्रूच्या दर गावकऱ्यामागे २०० सोने. शत्रूंचे मिळून १०० गावकरी असले तर २०,०००. एवढे सोने ज्याच्याकडे आहे तो तोवर जिंकत आलेला असतो. त्यापेक्षा 'तुझ्याकडं किल्ला तरी हाय काय?' विचारावे. तावातावाने उत्तर येते, 'दोन हाईत, ये की!' दोन किल्ले म्हणजे १,३०० दगड खर्ची पडला, हेही फुकटात कळते. अर्थात मुरलेला गडी इथेच थाप मारतो. आधी एक घोडेस्वार पाठवून बघावे.

सर्वांत जास्त घात होतो तो चुकीच्या चौकटीत लिहिल्याने. संदेश सगळ्यांना जाणार की फक्त मित्रांना, हे लिहिण्याआधी बघावे. सीमाभागात 'मराठीत लिहिलंय, त्याला कुठं कळतंय' हा भरवसा तर मुळीच धरू नये. कानडी गडी 'डावीकडून घोडे घालतो' हे निवांत वाचतो, डाव्या बाजूला भाले उभे करतो आणि मग लिहितो, 'आटा मुगीतु' (खेळ संपला).