नैराश्यावर चुंबकाचा उपचार

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. पॅरिसमध्ये त्या काळी गाजत असलेली ‘प्राणिज चुंबकत्वा’ची, म्हणजे शरीरातील अदृश्य चुंबकी शक्तीने आजार बरे होतात अशी, कल्पना कांदोळीच्या या धर्मगुरूने नाकारली होती, गुण येतो तो चुंबकाने नव्हे, तर रुग्णाच्याच मनात रुजलेल्या सूचनेने, असे त्यांचे प्रतिपादन होते. नैराश्यावरील आजच्या चुंबकीय उपचाराला, म्हणजेच टीएमएसला (ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन), याच आक्षेपाला सामोरे जावे लागले.

1985 साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र प्रथम दाखवले. डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून क्षणभर जोरदार वीजप्रवाह सोडला की निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत शिरते आणि मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या चेतापेशींत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न करते. मात्रा ठरवण्याची रीत मोठी लक्षवेधी आहे: हाताची हालचाल घडवणाऱ्या भागावर कॉइल ठेवून स्पंदांचा जोर वाढवत नेतात आणि रुग्णाचा अंगठा आपोआप हलू लागला की त्यावरून तीव्रता निश्चित करतात. त्यानंतर कॉइल सहसा डाव्या कपाळामागील भागावर आणली जाते. रुग्ण खुर्चीत पूर्ण जागा असतो. त्याला टकटक ऐकू येते, टाळूवर टिचक्या जाणवतात, काहींचे डोके दुखते. आकडी येण्याचा धोका अत्यल्प असला तरी डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत.

चाचण्यांत काही रुग्णांना तसाच आवाज करणारी, पण मेंदूपर्यंत क्षेत्र जवळजवळ न पोहोचवणारी नकली कॉइल लावली गेली. त्यांच्यापैकीही काहींना बरे वाटले, म्हणजे फारियांचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र खऱ्या कॉइलचा परिणाम त्याहून अधिक होता. हा फरक चमत्कार म्हणावा इतका मोठा नाही, पण औषधांनी उतार न पडलेल्यांच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. अमेरिकेत 2008 साली या उपचाराला मान्यता मिळाली.

आठवड्यातून 5 दिवस, असे 4 ते 6 आठवडे उपचार घ्यावे लागत असल्याने गोव्यातल्या काणकोण किंवा पेडण्याहून रोज शहर गाठणे सोपे नाही. सुमारे 3 मिनिटांची नवी पद्धत जुन्या 37 मिनिटांच्या सत्रांपेक्षा कमी गुणकारी नसल्याचे 2018 च्या एका मोठ्या चाचणीत आढळले, ही म्हणूनच आनंदाची बाब आहे.

‘शॉक’ची, म्हणजे मेंदूला वीज देऊन आकडी आणण्याच्या वेगळ्या उपचाराची, भीती मात्र अजून घराघरांत आहे. 1938 साली रोममध्ये सुरू झालेला तो उपचार आज भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच करता येतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याशिवाय तो देण्यास मनाई केली आहे. काही काळ स्मरणशक्तीवर परिणाम होतो, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवे. तरीही ज्याने अन्नपाणी सोडले आहे किंवा ज्याच्या जिवाला आत्महत्येचा धोका आहे, त्याच्यासाठी टीएमएसपेक्षा हाच उपचार अधिक प्रभावी ठरतो.