उत्पन्न 12 लाखांच्या आत, तरी टीडीएस कापला? 87ए ची करसवलत कोणाला मिळते, रिफंड कसा मागायचा आणि त्या पैशाचं काय करायचं

आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका जूनमध्ये घरी आल्या. हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, तिच्यात रबरबँड लावलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या, दोन पासबुकं आणि बँकेने दिलेली 16ए ची प्रमाणपत्रं, म्हणजे व्याजातून आधीच कापलेल्या कराचे (टीडीएसचे) दाखले. बाईंचा प्रश्न सरळ होता. "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं सगळीकडे ऐकते. मग बँकेने माझे चोवीस हजार का कापले?"

हा प्रश्न हजारो घरांत आहे. "12 लाखांपर्यंत कर नाही" हे वाक्य अर्धंच सांगितलं जातं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी लोक स्वतःचे पैसे सरकारकडेच सोडून देतात. म्हणून 31 मार्च 2026 ला संपलेल्या आर्थिक वर्षासाठी, म्हणजे 2025-26 साठी, सगळी प्रक्रिया सविस्तर सांगतो. 1 एप्रिल 2026 नंतरच्या उत्पन्नाला नवा आयकर कायदा 2025 लागू झाला असला, तरी या विवरणपत्राला जुना 1961 चाच कायदा लागतो. त्यामुळे कलम 87ए हेच नाव इथे वापरतो.

सवलत म्हणजे नक्की काय

करमुक्त मर्यादा वेगळी आणि करसवलत वेगळी. नवीन करपद्धतीत करमुक्त मर्यादा 4 लाखांचीच आहे. त्यापुढे 4 ते 8 लाखांवर 5 टक्के आणि 8 ते 12 लाखांवर 10 टक्के कर लागतो. 12 लाखांवर तो बरोबर 60,000 रुपये होतो. करपात्र उत्पन्न 12 लाख किंवा त्याहून कमी असेल, तर 87ए खाली हे 60,000 पर्यंतचे पैसे माफ होतात. म्हणजे कर आधी लागतो, मग माफ होतो. ही माफी विवरणपत्रात हिशेब मांडल्यावरच मिळते. बँकेला तुमचं एकूण उत्पन्न माहीत नसतं, म्हणून ती व्याजावर टीडीएस कापून मोकळी होते. त्यात तिची चूक काही नाही.

दुसरी गोष्ट अशी की ही सवलत कोणाच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. आधी कर कापला गेला असेल तरच तो रिफंड म्हणून परत येतो. कापलाच नसेल, तर फक्त देणं शून्य होतं.

पगारदार आणि निवृत्तिवेतनधारकांना नवीन पद्धतीत 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांच्यासाठी ही रेषा 12.75 लाखांवर जाते. जुनी करपद्धत निवडली तर सवलत 12,500 रुपयांपर्यंतच मिळते, तीही करपात्र उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर. 2013 मध्ये हे कलम आलं तेव्हा सवलत फक्त 2,000 रुपयांची होती.

12 लाखांच्या थोडं वर गेलात म्हणून एकदम साठ हजारांचा दणका बसत नाही. समजा पगार 13 लाख आहे. प्रमाणित वजावट जाऊन 12.25 लाख उरले. टप्प्यांप्रमाणे कर 63,750 होतो, पण 12 लाखांच्या वरची रक्कम फक्त 25,000 आहे, म्हणून करही 25,000 च आणि त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 26,000. ही सीमांत सवलत साधारण 12 लाख 70 हजारांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत उपयोगी पडते. कंपनीच्या हिशेबात ती धरली आहे की नाही, हे फॉर्म 16 वर, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या प्रमाणपत्रावर, जरूर पाहा.

कोण पात्र, कोण नाही

फक्त व्यक्ती, आणि तीही त्या वर्षी कायद्याने भारतात निवासी असलेली. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने वेगळा पॅन असेल, तर त्या उत्पन्नाला 87ए नाही. गृहनिर्माण संस्थेला नाही, भागीदारी संस्थेला नाही.

"निवासी" या शब्दावर थोडं थांबायला हवं. इथे नागरिकत्व पाहत नाहीत, भारतात किती दिवस राहिलात ते पाहतात, आणि मुख्य कसोटी 182 दिवसांची आहे. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले, पण वर्षभर गावातच राहणारे कितीतरी जण आहेत. ते निवासी ठरत असतील तर सवलतीला पात्र आहेत. उलट बोटीवर काम करणारा तारवटी भारतीय नागरिक असूनही वर्षातले बहुतेक दिवस समुद्रावर असेल आणि अनिवासी ठरत असेल, तर त्याच्या इथल्या ठेवींच्या व्याजावर ही सवलत नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाने पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर त्या भाड्यावरही नाही. मुलाच्या नावचं भाडं वडिलांच्या विवरणपत्रात दाखवून सवलत घेऊ पाहणारे भेटतात. तो मार्ग चुकीचा आहे, कारण उत्पन्न ज्याचं त्याच्याच नावे दाखवावं लागतं.

शेअर आणि म्युच्युअल फंडांवरचा नफा हा वादाचा भाग होता. 5 जुलै 2024 पासून आयकर विभागाच्या पोर्टलच्या प्रणालीने अशा खास दराच्या नफ्यावर सवलत मागायची सोयच बंद केली. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने आधी विवरणपत्राची मुदत 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढवायला लावली आणि नंतर, करदात्याला दावा मांडण्यापासूनच अडवता येणार नाही, असा निकाल दिला. सामान्य करदात्याच्या बाजूने उभा राहिलेला हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. पण पुढच्या अर्थसंकल्पाने 2025-26 पासून कायद्यातच स्पष्ट केलं, की नवीन पद्धतीत खास दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर 87ए मिळणार नाही. म्हणजे पगारावरचा कर शून्य झाला तरी शेअरच्या नफ्यावरचा कर भरावा लागतो. लॉटरीचं बक्षीस आणि क्रिप्टोचंही तसंच.

बाईंचा हिशेब

निवृत्तिवेतन महिना 42,000, वर्षाचे 5,04,000. ठेवींचं व्याज 2,40,000. ज्येष्ठ नागरिकाचं एका बँकेतलं व्याज वर्षाला 1 लाखाच्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस कापतात, म्हणून 24,000 गेले. एकूण उत्पन्न 7,44,000, त्यातून 75,000 वजा जाऊन करपात्र 6,69,000. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, उरलेल्या 2,69,000 वर 5 टक्के म्हणजे 13,450. हा सगळा कर 87ए खाली माफ. देणं शून्य, म्हणून पूर्ण 24,000 परत.

बाई मात्र दर मार्चमध्ये दीड लाख रुपये "टॅक्स वाचवायला" गुंतवत आल्या होत्या. जुन्या पद्धतीत त्यांना त्याची गरजही होती. तिथे 50,000 ची प्रमाणित वजावट, व्याजाची 50,000 ची वजावट आणि वर हे दीड लाख धरले, तरच त्या 4,94,000 वर, म्हणजे 5 लाखांच्या आत येत होत्या. नवीन पद्धतीत एक रुपया न गुंतवता कर शून्य होतो आणि 80सी ची, म्हणजे अशा गुंतवणुकीची, वजावट तिथे मिळतही नाही. ज्याला कर लागतच नाही, त्याला करबचतीच्या नावाखाली पाच-दहा वर्षांची पॉलिसी विकणं हा त्या माणसावर अन्याय आहे. मार्चमध्ये कोणी सहीसाठी कागद पुढे केला, तर आधी दोन्ही पद्धतींचा हिशेब कागदावर मांडून मागा.

कागद कोणते

पॅन आधारला जोडलेलं असावं आणि आधारला चालू मोबाईल क्रमांक असावा. पगारदारांनी मालकाकडून फॉर्म 16 घ्यावा, ठेवीदारांनी प्रत्येक बँकेकडून 16ए आणि व्याजाचं प्रमाणपत्र. निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांनी वर्षाचा तपशील घ्यावा. विवरणपत्रासोबत काहीही जोडायचं नसतं, पण विचारणा झाली तर दाखवायला सगळं जपून ठेवावं.

पोर्टलवर 26एएस आणि एआयएस हे दोन तक्ते असतात. तुमच्या पॅनवर किती टीडीएस जमा झाला आणि कोणी कोणतं उत्पन्न कळवलं, ते त्यांत दिसतं. पासबुक आणि हे तक्ते समोरासमोर धरा. एखाद्या पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज एआयएसमध्ये नसतंही. तरी ते दाखवावंच लागतं.

आणि नावाचं बघा! आपल्याकडे बायकांचं पॅन माहेरच्या नावावर, बँक खातं सासरच्या नावावर आणि आधारवर तिसरंच काहीतरी, असं सर्रास असतं. रिफंड फक्त पोर्टलवर पडताळणी झालेल्या खात्यात येतो आणि नाव जुळलं नाही की पडताळणी अडते. जून-जुलैच्या गर्दीत हे दुरुस्त करायला धावपळ होते. बँका विलीन झाल्यामुळे आयएफएससी क्रमांक बदललेले असतात, तेही तपासून घ्या.

अर्ज कसा भरायचा

सवलतीसाठी वेगळा अर्ज नाही. विवरणपत्र हाच अर्ज. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करा आणि कर निर्धारण वर्ष 2026-27 निवडा. पगार किंवा निवृत्तिवेतन, घर आणि व्याज एवढंच उत्पन्न असेल आणि ते 50 लाखांच्या आत असेल, तर आयटीआर-1, म्हणजे "सहज", पुरतं. सातबारा नावावर आहे आणि शेतीचं उत्पन्न वर्षाला 5,000 च्या वर आहे, अशांना मात्र आयटीआर-2 लागतो. गावाकडे जमीन असलेले नोकरदार इथे हमखास चुकतात.

सुरुवातीलाच एक प्रश्न येतो, नवीन करपद्धतीतून बाहेर पडायचं आहे का? नवीन पद्धतीत राहायचं असेल तर उत्तर "नाही". नवीन हवी म्हणून घाईत "हो" दाबलं, की तुम्ही जुन्या पद्धतीत जाता आणि सवलत 12,500 वर येते.

आकडे बहुतेक आधीच भरलेले असतात. ते तपासा, टीडीएसच्या रकान्यात पूर्ण रक्कम आली का पाहा आणि शेवटच्या पानावर 87ए समोर आकडा दिसतो का ते बघा. पाठवल्यानंतर 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी करा. ती राहिली तर विवरणपत्र भरलं असं धरतच नाहीत.

मुदत 31 जुलै 2026. त्यानंतर 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000 आणि वर असेल तर 5,000 रुपये विलंब शुल्क लागतं. "माझा कर शून्य आहे, मला कसलं शुल्क?" असं म्हणून चालत नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर विवरणपत्र भरणं बंधनकारक आहे, सवलतीने कर शून्य झाला तरी. उशिरा भरणाऱ्यांना जुनी पद्धतही निवडता येत नाही. डिसेंबरही चुकला, तर अद्ययावत विवरणपत्रातून रिफंड मागता येत नाही. मग विलंब माफीचा अर्ज करून वाट पाहणं एवढंच हातात राहतं.

पंचाहत्तरी गाठलेल्यांना एक सोय आहे. निवृत्तिवेतन आणि व्याज एकाच ठरावीक बँकेत येत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर बँकेला 12बीबीए हा फॉर्म द्यायचा. बँकच सवलत धरून कराचा हिशेब करते आणि विवरणपत्र भरावं लागत नाही.

रिफंड मंजूर झाल्याची सूचना ईमेलवर येते. "रिफंड अडकला आहे, लिंक दाबा" असा मेसेज आला तर हात लावू नका. विभाग कधीही ओटीपी किंवा कार्डाचा पिन मागत नाही.

हाती आलेल्या पैशाचं काय करायचं

रिफंड ही कमाई नाही, तुमचाच पैसा परत आलेला असतो, म्हणून त्यावर पुन्हा कर नाही. सोबत व्याज आलं तर ते मात्र पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचं.

डोक्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर पहिला पैसा तिथे जावा. महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज घेणाऱ्या कर्जापुढे कोणतीही ठेव टिकत नाही. त्यानंतर सोनं गहाण ठेवलेलं असेल तर ते सोडवा. पगारदारांच्या बाबतीत सवलत एकरकमी येत नाही, दरमहा हातात येणाऱ्या पगारात ती मिसळून जाते. 12 लाखांच्या करपात्र उत्पन्नावर 2024-25 मध्ये उपकरासह 83,200 कर होता, तो 2025-26 मध्ये शून्य झाला. म्हणजे महिन्याला सुमारे 6,900 रुपये. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम आपोआप आवर्ती ठेवीत किंवा एसआयपीत जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा, नाहीतर हे पैसे कुठे गेले ते कळतही नाही.

बाईंनी मला विचारलं तेव्हा मी आरोग्य विमा सुचवला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे तो थोडा हलका झाला आहे. बाई म्हणाल्या, हप्त्याला निम्मे पुरतील, उरलेल्यातून स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसवून घेते, कबुतरांनी वैताग आणलाय. मला ते पटलं.

राहिलं पुढच्या वर्षाचं. साठीनंतर, सवलत धरून कर शून्य येत असेल, तर "टीडीएस कापू नका" अशी घोषणा बँकेला देता येते. 2025-26 पर्यंत तिला 15एच म्हणत. साठीच्या आतल्यांची अट कडक आहे. कर शून्य हवाच, शिवाय ज्या व्याजासाठी घोषणा द्यायची ते एकूण 4 लाखांच्या वर जाता कामा नये. पन्नाशीतल्या एखाद्या विधवा बाईंचा संसार पावणेपाच लाखांच्या व्याजावर चालत असेल, तर सवलतीने कर शून्य असूनही ही घोषणा त्यांना देता येत नाही. त्यांनी आयकर विभागाकडून कमी किंवा शून्य टीडीएसचं प्रमाणपत्र मागावं, नाहीतर दरवर्षी रिफंडची वाट पाहावी. घोषणा दर आर्थिक वर्षी नव्याने आणि प्रत्येक बँकेत स्वतंत्रपणे द्यावी लागते. एप्रिलमध्ये राहून गेली असेल तर आता द्या, पुढच्या व्याजावरचा टीडीएस तरी थांबेल. पोच शिक्का मारून घ्या आणि पावत्यांच्याच पिशवीत ठेवा.