हळद मशीनखाली धरली की सगळी भेसळ कळते? नाही हो

सांगलीत हळदीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "लॅबमधे ते लेझरचं मशीन असतंय, पूड खाली धरली की शंभर टक्के शुद्ध का भेसळ लगेच सांगतंय." असं नसतं.

लॅबमधे पूडीवर प्रकाश टाकून तपासायच्या दोन पद्धती असतात, इन्फ्रारेड आणि रामन (लेझर असतो तो रामनमधे); दोन्हीत रेणूंची कंपनं बघतात, म्हणजे रेणूत कोणते बंध आहेत ते कळतं, आणि एकात फिकी दिसणारी कंपनं बऱ्याचदा दुसऱ्यात ठळक दिसतात. मेटॅनिल यलो हा भेसळीचा पिवळा रंग अशा तपासणीत सापडतो, पण एका अभ्यासात रामनला १ टक्क्यापर्यंत आणि इन्फ्रारेडला ५ टक्क्यांपर्यंतच पकडता आला, त्याखाली सिग्नल हळदीतच बुडतो. त्यात करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, लेझर पडला की स्वतःच चमकतं, त्यामुळं हिरवा लेझर मारला तर त्या चमकेतच रामन सिग्नल हरवतो, म्हणून १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा लेझर वापरतात.

स्टार्चची भेसळ तर अजून अवघड, कारण हळदीत मुळातच स्टार्च असतो, तिथं साधा मायक्रोस्कोप जास्त कामाचा. आणि शिसं? लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, भरपूर मिसळलं असेल तर रामनमधे दिसेल, पण पीपीएममधलं (दहा लाखात काही भाग इतकं कमी) शिसं मोजायला अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन नाहीतर आयसीपी या धातू मोजायच्या वेगळ्या टेस्टच लागतात. त्यामुळं रिपोर्ट हातात आला की आधी टेस्ट कुठली केली ते विचारा.