कचऱ्याचा वर्ग बांय ठरवते

गोव्यातल्या अंत्रूज महालातल्या आमच्या घराची बांय, म्हणजे विहीर, चिऱ्यातच, जांभ्या दगडातच, खोदलेली आहे. मे महिन्यात पाणी तळाला जातं, रहाटाचा दोर सगळा सोडावा लागतो. जुलैत चार दिवस धो धो कोसळला की ओणवं होऊन तांब्याने पाणी काढता येतं. हे पाणी येतं अंगणातून, पोफळीच्या कुळागरातून, वरच्या डोंगरीवरून, चिऱ्याच्या भोकाभोकांतून. खाणीतून ताजा काढलेला चिरा जवळून बघा, पोळं फोडल्यासारखा दिसतो. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर बघता बघता आत जिरतं. पाऊस ज्या वाटेने बांयीत उतरतो, त्याच वाटेने डोंगरीवर टाकलेल्या कचऱ्याचं पाणीही उतरतं. म्हणून कचरा कुठे पुरायचा, याचा हिशेब बांयीपासून मागे मांडत यावा, असं माझं ठाम मत आहे.

कचऱ्यात विष किती आहे, यापेक्षा त्यातलं पाण्यात किती उतरतं हे महत्त्वाचं. कोकमाची सोलं गार पाण्यात नुसती टाकून ठेवली तर रंग हळूहळू उतरतो; कोमट पाण्यात घालून कुस्करली तर लगेच. सोलं तीच, पाणी वेगळं. शिसं, कॅडमियम यांचंही असंच असतं. हे मोजायला प्रयोगशाळेत एक चाचणी करतात. कचऱ्याचे बारीक तुकडे करायचे, वजनाच्या 20 पट द्रावणात घालून बाटली 18 तास गरगर फिरवायची, मग गाळून त्या पाण्यात काय उतरलंय ते बघायचं.

यातलं द्रावण साधं पाणी नसतं. त्यात असतं अॅसेटिक आम्ल, म्हणजे माडाच्या सुरेपासून आपण जो शिर्का करतो, त्याला आंबटपणा देणारं तेच आम्ल. कारण नुस्त्याचे, म्हणजे माशांचे, काटे, उरलेला भात, फणसाची चारखंडं ढिगाखाली हवेविना कुजू लागली की अशीच आम्लं तयार होतात. साध्या पाण्याला दाद न देणारे धातू या आंबट पाण्यात विरघळतात. जुन्या रेडिओच्या सर्किटवरचा शिशाचा डाख कोरड्या जागी पडून राहिला तर बराच काळ तसाच राहील. तोच भाताच्या खरकट्यात पडला, तर त्यातलं शिसं सुटायला लागतं. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवा, असं 2016च्या घनकचरा नियमांनी सांगितलं, त्यामागे हे रसायनशास्त्र आहे. दुर्गंधी आणि टापटीप या नंतरच्या गोष्टी.

आता एक आकडा. चाचणीच्या पाण्यात लिटरमागे 5 मिलिग्रॅम शिसं निघालं की आपल्या नियमांप्रमाणे तो कचरा घातक ठरतो. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे 500 पट कमी! हा 5 आला कुठून? अमेरिकेत 1980 साली असं गृहीत धरलं गेलं की कचऱ्यातून झिरपलेलं पाणी विहिरीपर्यंत पोचेस्तोवर 100 पट विरळ होतं. तेव्हा पिण्याच्या पाण्याची मर्यादा 0.05 होती, तिला 100ने गुणलं. पुढे पिण्याच्या पाण्याची मर्यादा खाली आली, पण कचऱ्याचा 5 तिथेच राहिला. आणि ते 100 पट विरळ होणं मधल्या जमिनीवर अवलंबून असतं. जाड चिकणमाती धातू धरून ठेवते. भेगाळलेल्या चिऱ्याकडून, त्यातही पाणी हाताशी आलेलं असताना, तेवढी आशा धरता येत नाही.

म्हणजे ‘घातक नाही’ याचा अर्थ ‘निरुपद्रवी’ असा होत नाही. कॅलिफोर्नियात या दोहोंच्या मधला एक वर्ग मानतात: घातकाच्या व्याख्येत बसत नाही, पण पाणी बिघडवू शकतो असा कचरा. तिथे हिशेब उलटा करता येतो. आधी पाणी किती शुद्ध राहायला हवं ते ठरवायचं, मग मधली जमीन किती अडवेल ते, आणि शेवटी कचऱ्यात किती चालेल ते. एकाच कारखान्याचा गाळ एका जागी चालतो, दुसऱ्या जागी चालत नाही. गोव्याला ही रीत अगदी चपखल बसेल, असं मला वाटतं.

चिऱ्याचा आणखी एक गुण ध्यानात घ्यायला हवा. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. कुजणारा कचरा झिरपत्या पाण्यातला प्राणवायू संपवतो, आणि प्राणवायू नसलेल्या पाण्यात हेच लोह आणि त्यासोबतचं मँगनीज विरघळू लागतं. म्हणजे कचऱ्यात नसलेली गोष्टही कचऱ्यामुळे बांयीत येते. असं पाणी शेंदताना नितळ दिसतं. कळशीत हवा लागली की तांबूस होतं, तळाशी गंज बसतो.

गोव्यात आज कचऱ्याच्या वाटा बऱ्याच वेगळ्या झाल्या आहेत. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून वायू होतो, इस्पितळांचा कचरा कुंडईला जातो, उद्योगांच्या घातक कचऱ्यासाठी पिसुर्ल्यात सोय आहे, पुनर्वापर न होणारं बरंच प्लॅस्टिक कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांत जळतं. मडगावजवळच्या सोनसोड्यावर मात्र वर्षानुवर्षं सगळं एकत्रच साचत गेलं, आणि तो ढीग नंतर उकरून, चाळून वेगळा करायची वेळ आली.

एवढं करून जे उरतं, ज्याचं काहीच होत नाही, तेवढंच भूभरावात, म्हणजे कचरा पुरायच्या जागेत, जावं असं नियम म्हणतो. त्याच्या तळाशी 90 सेंटीमीटर दाबलेली चिकणमाती हवी, अशी घट्ट की पाणी तिच्यातून वर्षाला जेमतेम 3 सेंटीमीटरच्या हिशेबाने सरकेल. वर दीड मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिकचं अस्तर. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. एक हेक्टर उघड्या ढिगावर तो किती होतो? 3 कोटी लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 3,000 टँकर. अस्तराला एक भोक पडलं तरी ते शोधून काढायला एवढं पाणी टपलेलं असतं.

भूभरावाचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान 2 मीटर उंच हवा, असाही नियम आहे. ‘सर्वांत वरच्या’ हा शब्द फार मोलाचा आहे. मे महिन्यात पाहणी केली तर आमच्या डोंगरीखाली पाणी कितीतरी खोल भरेल, जागा बिनधोक वाटेल. मोजणी ऑगस्टमध्ये व्हायला हवी. आमच्या बांयीच्या काठावरून तेव्हा पाण्याला तांब्या पोचतो.