'अर्ली डिसिजन'वर सही करण्याआधी पैशांचं बघा

अमेरिकेतल्या कॉलेजला 'अर्ली डिसिजन'ने अर्ज करणं म्हणजे एकाच ठिकाणी शब्द देणं: घेतलंत तर येतो, बाकीचे अर्ज मागे घेतो. करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे कौन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. मुदत बहुधा 1 किंवा 15 नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. अर्ज कॉमन ॲपवरून, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच फॉर्मने अर्ज करायच्या संकेतस्थळावरून. त्यात अवघड काही नाही.

घोडं अडतं ते पैशांपाशी. 'मदत मागितली तर प्रवेश जाईल' या धास्तीने बरेच पालक अर्जातल्या 'आर्थिक मदत हवी का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणून मोकळे होतात. धास्ती अगदीच खोटी नाही. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश ठरवणारी ॲमहर्स्ट, बोडन, डार्टमथ, ब्राऊन अशी कॉलेजं मोजकीच. बाकी ठिकाणी फरक पडतो. पण करारातून पैशांच्या कारणाने सुटता येतं ते मदत मागूनही खर्च झेपत नसेल तरच. मागितलीच नाही, तर कुठल्या तोंडाने सुटका मागणार? शिवाय अनेक कॉलेजं परदेशी मुलांना नंतर चारही वर्षं मदतीसाठी अर्ज करू देत नाहीत.

'फॅफ्सा' हा अमेरिकन सरकारच्या मदतीचा फॉर्म आपल्यासाठी नाही. बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्न-मालमत्तेची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म लागतो. तो 1 ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. त्याची मुदत प्रवेश अर्जापेक्षा वेगळी असू शकते, ती कॉलेजच्या पानावर स्वतः वाचा. नेमकी तेव्हाच दिवाळी येते आणि सीए गावाला जातात! रिटर्न, फॉर्म 16 सप्टेंबरातच काढून ठेवा.

खरी पंचाईत शेतकरी घरांची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्नच नाही. मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर. रिटर्न का नाही, याचं पालकांच्या सहीचं पत्र. सातबाऱ्यावर चुलत्यांचीही नावं असतील तर आपला हिस्सा किती ते लिहा, नाहीतर सगळी जमीन तुमचीच समजतील. प्रोफाइलमध्ये चलन म्हणून रुपया निवडला असेल तर शेवटपर्यंत रुपयांतच भरा. निम्मे आकडे डॉलरमध्ये टाकलेले फॉर्म मी पाहिलेत.

करारातलं एक कलम कुणी वाचत नाही: मदत मागितली असेल, तर कॉलेजचं मदतीचं उत्तर हातात येईपर्यंत बाकीचे अर्ज मागे घ्यायचे नसतात. प्रवेशाच्या आनंदात त्याच रात्री सगळे रद्द करू नका. मदत कमी पडली तर आधी त्याच कार्यालयाला आकड्यांसह फेरविचाराचं पत्र लिहा. जानेवारीच्या मुदतीचे अर्जही तयार असू द्या.